जुने ॲनिमेशनपट डिस्कवर, तेही स्वस्तात: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत येऊन वर्ष-दोन वर्षं झालेली मराठी मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. मुलांना जुने, हाताने काढलेले, राक्षस-चेटकिणी-बोलक्या प्राण्यांचे ॲनिमेशनपट दाखवायचे आहेत, ते डिस्कवर घ्यायचे आहेत, तर कुठून घ्यावेत आणि किती मोजावेत? डिस्क कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. स्ट्रीमिंगवर आज दिसणारा चित्रपट पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही. कपाटातली डिस्क मात्र कुणी काढून घेत नाही. शेजाऱ्यांनी मागून नेली तर भाग वेगळा.

माझं सांगणं एवढंच, की भाव बघायच्या आधी आवृत्ती ठरवा. एकाच चित्रपटाच्या चार-पाच आवृत्त्या बाजारात फिरत असतात. त्यातली एखादी उत्तम असते, एक-दोन चालण्याजोग्या असतात आणि उरलेल्या फुकट मिळाल्या तरी जागा अडवतात. लोकांचे पैसे जास्त करून इथेच जातात. चुकीची प्रत स्वस्त मिळाली म्हणून आनंदाने घेतात आणि वर्षभराने बरोबरची प्रत परत विकत घेतात.

दुसरं म्हणजे, चित्रपटाचे हक्क कुणाकडे आहेत त्यावर सवलत केव्हा मिळणार हे ठरतं. डिस्नेचा माल एका तऱ्हेने स्वस्त होतो, जपानच्या स्टुडिओ जिब्लीचा दुसऱ्या तऱ्हेने, सत्तर-ऐंशीच्या दशकातले छोट्या स्टुडिओंचे चित्रपट तिसऱ्याच तऱ्हेने. सरसकट 'सेलमध्ये घेऊ' असं म्हणून भागत नाही.

सुरुवातीला जवळ काय हवं

- डिस्क चालवणारं यंत्र. ब्लू-रे प्लेअर वेगळा घेतला नाही तरी चालतं. घरात डिस्क ड्राइव्हवालं पीएस५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स हे गेमचं यंत्र असेल तर काम झालं. पीएस५ची डिजिटल आवृत्ती आणि सीरीज एस या दोन्हींना डिस्क घालायची खाच नसते.
- गावच्या सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड. त्यासाठी फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. घराचं लीज किंवा विजेचं बिल बहुतेक ठिकाणी चालतं.
- ईबेवर खातं.
- फोनमध्ये एक यादी: चित्रपटाचं नाव, हवी ती आवृत्ती, तिचं वर्ष आणि तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल तो आकडा. दुकानात उभं राहून हे सगळं आठवत नाही.
- फोनचा टॉर्च आणि चष्मा पुसायचं मऊ फडकं.

१. आधी रीजन समजून घ्या

एका भागात विकलेली डिस्क दुसऱ्या भागातल्या यंत्रावर चालू नये म्हणून तिच्यात घातलेलं कुलूप म्हणजे रीजन. डीव्हीडीसाठी जग सहा भागांत वाटलेलं आहे. अमेरिका आणि कॅनडा रीजन १, पश्चिम युरोप आणि जपान २, भारत ५. ब्लू-रेचे भाग तीनच: अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया 'ए', युरोप आणि ऑस्ट्रेलिया 'बी', भारत, चीन आणि रशिया 'सी'. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला रीजनची भानगड नाही, ती कुठेही चालते. मात्र तिच्यासोबत त्याच डबीत येणाऱ्या साध्या ब्लू-रेला रीजन असू शकतं.

अमेरिकेत घेतलेला प्लेअर रीजन १ आणि ए चालवतो. नेमके इथेच नवखे फसतात. जिब्लीचे चित्रपट ब्रिटनमध्ये स्टुडिओकनाल ही कंपनी काढते आणि त्या ब्लू-रे 'बी' रीजनच्या असतात. अमेरिकी संकेतस्थळांवर बाहेरचे विक्रेते त्याच 'इम्पोर्ट' म्हणून चार-पाच डॉलर कमी भावात लावतात. फोटो तोच, नाव तेच, म्हणून घाईत लक्षात येत नाही. पाठीमागच्या कव्हरवर खालच्या बाजूला पृथ्वीगोलासारखी खूण आणि त्यात ए, बी, सी यांपैकी अक्षर असतं. ते दिसत नसेल तर विक्रेत्याला फोटो मागा. टाळाटाळ केली तर पुढे चला.

लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हवर रीजन बदलता येतं, पण पाचच वेळा. पाचव्या खेपेला जे असेल ते कायमचं.

२. कोणती आवृत्ती, ते ठरवा

या पायरीला वेळ द्या. पैसे इथेच वाचतात.

पहिली गोष्ट चौकट. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे चित्रपट जवळजवळ चौकोनी असायचे. ते टीव्हीवर बघताना डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येणारच. ते दोष नाहीत. उलट १९५९ चा 'स्लीपिंग ब्युटी' मुद्दाम खूप रुंद पडद्यासाठी काढलेला आहे, त्यात वर-खाली पट्टे येतात. डीव्हीडीच्या सुरुवातीच्या वर्षांत जुन्या टीव्हीच्या सोयीसाठी अशा रुंद चित्रांच्या कडा कापून 'फुल स्क्रीन' प्रती काढल्या जात. कव्हरवर 'फुल स्क्रीन' हे शब्द दिसले आणि चित्रपट साठच्या दशकानंतरचा असला, तर डबी जागेवर ठेवा.

दुसरी गोष्ट साफसफाई. जुन्या फिल्मवरचे दाणे आणि डाग संगणकाने पुसतात, ते ठीकच. पण हात जड पडला की चित्रातल्या रेघाही पुसल्या जातात. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे डिस्नेच्या 'द सोर्ड इन द स्टोन'ची २०१३ ची ब्लू-रे. चित्रपट १९६३ चा. त्या काळात डिस्नेत कलाकारांची पेन्सिलीची रेघ झेरॉक्स करून थेट पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर (त्याला 'सेल' म्हणतात) उतरवली जात असे, त्यामुळे त्या चित्रांना एक खरबरीत, हाताची ओढ असते. त्यातल्या मर्लिन जादूगाराच्या दाढीत ती सगळ्यात छान दिसते. ब्लू-रेवर ती बरीचशी गुळगुळीत होऊन गेली आणि जाणकारांनी तेव्हा कंपनीला चांगलंच सुनावलं. ही डिस्क तीन डॉलरला मिळाली तर खुशाल घ्या. वीस डॉलर देऊ नका.

तिसरी गोष्ट आवाज आणि सबटायटल्स. जिब्लीचे चित्रपट मूळ जपानी. लहान मुलांसाठी इंग्रजी डबिंग बरं, मोठ्यांनी जपानी आवाज ठेवून इंग्रजी सबटायटल्सवर बघावं. पण काही डिस्कवर सबटायटल्स म्हणून इंग्रजी डबिंगचेच संवाद छापून टाकलेले असतात. पडद्यावर पात्र गप्प आणि खाली दोन ओळी धावतायत, असा प्रकार होतो. घेण्याआधी परीक्षण वाचलं की हे कळतं. मराठी किंवा हिंदी सबटायटल्सची मात्र अमेरिकी डिस्ककडून अपेक्षा ठेवू नका.

आवृत्तीचा फरक किती पडतो हे बघायचं असेल तर 'द लास्ट युनिकॉर्न' घ्या. हा १९८२ चा चित्रपट अमेरिकेच्या रँकिन-बासने काढला, पण त्याची चित्रं जपानच्या टॉपक्राफ्ट स्टुडिओने काढली. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'नॉसिका'वर काम केलेला हाच तो स्टुडिओ. १९८५ मध्ये जिब्ली सुरू झाल्यावर इथलेच बरेच लोक तिकडे गेले. तर याची अमेरिकेतली २००४ ची डीव्हीडी कडा कापलेली आणि मळकी आहे. २००७ च्या रौप्यमहोत्सवी डीव्हीडीत चित्र रुंद आणि स्वच्छ, पण पात्रांच्या तोंडचे एक-दोन सौम्य अपशब्द गाळलेले. २०११ मध्ये ब्लू-रे आली. २०१५ मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीने ब्लू-रेची 'एन्चँटेड एडिशन' काढली. घ्यायची तर हीच. जुन्या मालाच्या दुकानात पहिल्या दोन डीव्हीडी सारख्या दिसतात आणि कुणीही नवखा त्या आनंदाने उचलतो.

चौथा प्रकार कॉपीराइट संपलेल्या चित्रपटांचा. फ्लायशर स्टुडिओचा १९३९ चा 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' अमेरिकेत कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून वाटेल त्याने तो डिस्कवर काढला आहे. एक-दोन डॉलरच्या त्या प्रती म्हणजे प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. रंग उडालेले, आवाज विहिरीतून आल्यासारखा. लोटे रायनिगर या जर्मन बाईंनी काळा कागद कात्रीने कापून केलेला १९२६ चा 'प्रिन्स अखमद'देखील आता याच गटात आला आहे. अरेबियन नाइट्सवरचा हा छायापट आजही मुलं तोंड उघडं टाकून बघतात. अशा चित्रपटांत स्वस्तातली प्रत शोधूच नका. मूळ फिल्मवरून नीट दुरुस्त केलेली प्रत कुणी काढली आहे ते शोधा आणि तिचे पूर्ण पैसे द्या.

हे सगळं तपासायला दोन ठिकाणं पुरतात. ब्लू-रे डॉट कॉमवर परीक्षणांबरोबर डिस्कमधली चित्रं दिलेली असतात. डीव्हीडी कंपेअरवर एकाच चित्रपटाच्या देशोदेशीच्या आवृत्त्या शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात. पाच मिनिटांचं काम आहे.

जाता जाता आईबाबांसाठी: ॲनिमेशन दिसलं म्हणजे पोरांचं, असं समजू नका. 'वॉटरशिप डाउन' (१९७८) ससुल्यांचा आहे, पण त्यात रक्तपात आहे. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने आधी त्याला सर्वांसाठीचं 'यू' प्रमाणपत्र दिलं होतं. लोकांच्या तक्रारी कित्येक वर्षं येत राहिल्या आणि अलीकडे ते 'पीजी', म्हणजे पालकांच्या सल्ल्याने बघायचं, असं केलं. 'फँटॅस्टिक प्लॅनेट' (१९७३) तर सरळ मोठ्यांचाच आहे. फारच सुंदर, पण पोरं झोपल्यावर.

३. आधी लायब्ररीतून आणून बघा

इथल्या लायब्रऱ्यांत डिस्क फुकट मिळतात आणि गावच्या लायब्ररीत नसली तर काउंटीच्या दुसऱ्या शाखेतून मागवून देतात. एकदा बघा. मुलांनी पंधरा मिनिटांत पाठ फिरवली तर पैसे वाचले. पुन्हा-पुन्हा लावायला सांगितली तर यादीत टाका.

४. नवी डिस्क घ्यायची तर सेलचं पंचांग ठेवा

क्रायटेरियन ही कंपनी निवडक चित्रपट निगुतीने काढते. 'फँटॅस्टिक प्लॅनेट', 'वॉटरशिप डाउन', चेक दिग्दर्शक कारेल झेमन यांच्या तीन चित्रपटांचा संच हे सगळं त्यांच्याकडे आहे. एका ब्लू-रेची छापील किंमत चाळीस डॉलरच्या आसपास असते. ती कधीही देऊ नका. बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानांत दरवर्षी जुलै आणि नोव्हेंबर महिन्यांत क्रायटेरियनवर ५० टक्के सूट असते. क्रायटेरियन स्वतःच्या संकेतस्थळावरही अधूनमधून २४ तासांचा निम्म्या किमतीचा सेल लावते, पण तो आधी न सांगता येतो. जुलैचा सेल हुकला तर नोव्हेंबरची वाट बघा. चित्रपट चाळीस-पन्नास वर्षं थांबलाय, तुम्ही चार महिने थांबलात तर काही बिघडत नाही.

जिब्लीचे अमेरिकेतले डिस्कचे हक्क आधी डिस्नेकडे होते. २०१७ पासून जीकिड्स या कंपनीने ते चित्रपट शाउट फॅक्टरीच्या साथीने नव्याने काढले. छापील किंमत तीस डॉलरच्या घरात, पण वर्षातून अनेकदा ती उतरते आणि थँक्सगिव्हिंगच्या आसपास तर हमखास. वीसच्या वर गेलात तर घाई झाली असं समजा. यात एक सुख आहे: हा माल संपत नाही, पुन्हा-पुन्हा छापला जातो. म्हणून 'शेवटच्या दोनच प्रती' अशी लाल अक्षरं दिसली तरी घाबरू नका.

डिस्नेची गोष्ट उलटी. पूर्वी हे लोक एखादा चित्रपट थोडे दिवस बाजारात ठेवायचे आणि मग काही वर्षांसाठी 'तिजोरीत' बंद करायचे, की लोकांनी धावत येऊन पूर्ण किमतीला घ्यावा. २०१९ मध्ये त्यांची स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली आणि त्या तिजोरीतली हवा गेली. २०२४ मध्ये त्यांनी उत्तर अमेरिकेतला डिस्कचा कारभार सोनीकडे सोपवला आणि त्यांचा डिस्क-क्लबही त्याच वर्षी बंद केला. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की 'स्नो व्हाइट', 'सिंड्रेला', 'पीटर पॅन' असे लाखोंनी खपलेले चित्रपट नवे घ्यायची गरजच नाही. जुने ढिगाने मिळतात. याउलट फक्त त्या क्लबातूनच विकलेल्या काही डिस्क आता अव्वाच्या सव्वा भावाला जातात. 'द ब्लॅक कॉल्ड्रन'ची ब्लू-रे त्यातलीच. त्याची डीव्हीडी घ्या आणि समाधान माना. चित्रपटही एवढ्या पैशांचा नाही.

बेस्ट बायने २०२४ मध्ये डिस्क विकणं बंद केलं, त्यामुळे जुन्या लेखांत त्या दुकानाचा सल्ला दिसला तर सोडून द्या. वॉलमार्टमध्ये अजून मिळतात. तिथल्या पाच डॉलरच्या टोपल्यात हात घालायला लाजू नका, फक्त यादी उघडी ठेवून घाला.

ॲमेझॉनवरचा भाव रोज हलतो. कॅमलकॅमलकॅमल किंवा कीपा या भावांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळांपैकी एकावर चित्रपटाचा दुवा टाकलात की मागच्या दोन-तीन वर्षांचा आलेख दिसतो आणि 'अमुक डॉलरच्या खाली आला की कळवा' असं सांगून ठेवता येतं. छापील किंमत खोडून शेजारी लिहिलेली '४३ टक्के सूट' बघू नका. तो भाव वर्षात किती वेळा त्याच्या खाली गेला, ते आलेखात बघा.

आणखी काही खर्च गुपचूप वाढतात. पत्र्याची 'स्टीलबुक' डबी किंवा पुठ्ठ्याचं वरचं आवरण यांत डिस्क बहुधा तीच असते; डबीचे आठ-दहा डॉलर जास्त पडतात. डिजिटल कोड सोबत आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. त्या कोडांना मुदत असते आणि ते अमेरिकेतच चालतात. बिलात विक्रीकर वेगळा लागतो, न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. आणि पोस्टेज वाचवायला नको असलेली तिसरी डिस्क टोपलीत टाकणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

५. जुनी डिस्क: लायब्ररीचे सेल आणि थ्रिफ्ट दुकानं

खरी स्वस्ताई इथे आहे. जवळपास प्रत्येक लायब्ररीला 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' नावाची स्वयंसेवकांची मंडळी असतात. ती वर्षातून एक-दोनदा दान आलेली आणि लायब्ररीने काढून टाकलेली पुस्तकं-डिस्क विकते. डिस्कला एक-दोन डॉलर पडतात. पहिली संध्याकाळ बऱ्याच ठिकाणी फक्त सभासदांसाठी असते. वर्षाची वर्गणी मामुली असते आणि दारातच भरता येते. शेवटच्या दिवशी 'पिशवी भरून न्या, ठरावीक पैसे द्या' असा प्रकार असतो. हव्या असलेल्या दोन-तीन डिस्क पक्क्या असतील तर पहिल्या दिवशी जा. नुसतंच चाळायचं असेल तर शेवटच्या दिवशी.

लायब्ररीतून काढलेल्या डिस्कवर मधल्या कड्याभोवती गोल स्टिकर असतो. तो ओढून काढायला जाऊ नका. अर्धवट निघाला तर डिस्क फिरताना हेलकावे खाते. आहे तसाच राहू द्या, चालते.

गुडविल आणि साल्व्हेशन आर्मीच्या थ्रिफ्ट, म्हणजे जुन्या वस्तूंच्या, दुकानांत माल रोज बदलतो. टेक्सास-ओहायोकडे असाल तर हाफ प्राइस बुक्स बघा. भाव थोडे जास्त, पण डिस्क तपासलेल्या असतात. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी गराज सेल असतात. पोरं कॉलेजला गेलेली घरं हेरावीत, तिथे डिस्नेचे गठ्ठे निघतात. गठ्ठ्याचा एकच भाव विचारा, एकेकीचा नको.

कुठेही घेताना डबी उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. आत भलतीच डिस्क असणं, दोन डिस्कच्या संचातली एक गायब असणं, डबी साफ रिकामी असणं, हे तिन्ही नेहमीचं आहे. चोरी होऊ नये म्हणून काही दुकानं डिस्क काउंटरमागे ठेवतात, तेव्हा तिथेही उघडून दाखवायला सांगा. कुणी वाईट मानत नाही.

एक फुकटचा इशारा: डिस्नेच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवर काळ्या हिऱ्याची खूण असेल तर तिला हजारो डॉलर मिळतात, अशी एक अफवा दर एक-दोन वर्षांनी व्हॉट्सॲपवर फिरते. मागणारे मागतात, देणारं कुणी नसतं.

६. ईबेवर भाव कसा ठरवायचा

मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. शोधून झालं की बाजूच्या गाळण्यांमध्ये 'सोल्ड आयटम्स' असतं, त्यावर खूण करा. हिरव्या अक्षरांत आलेले आकडे म्हणजे लोकांनी खरोखर किती दिले. एखादी डिस्क साठ डॉलरला लावलेली दिसेल आणि विकल्या गेलेल्या सगळ्या पंधराच्या आत असतील. मग 'मेक ऑफर' दाबून घासाघीस करा. इथेही चालते, फक्त चिठ्ठीवर चालते.

फोटो विक्रेत्याने स्वतः काढलेला हवा. छापील कव्हरचं चित्र टाकलेलं असेल तर डिस्कच्या मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या. पोस्टाच्या 'मीडिया मेल' या स्वस्त दरात पुस्तकांप्रमाणे डिस्कही जातात. आठवडाभर लागेल, पण एका डिस्कला सहा-सात डॉलर पोस्टेज लावणाऱ्याला या दराबद्दल विचारायला हरकत नाही. एकाच विक्रेत्याकडे यादीतल्या तीन-चार असतील तर एकत्र पाठवायला सांगा.

७. बनावट ओळखा

जिब्लीच्या नावावर सगळ्यात जास्त बनावट माल फिरतो. एका विक्रेत्याने मला पाठवलेला 'संपूर्ण मियाझाकी संग्रह' मी टेबलावर पसरून बघितला, त्यावरून खुणा सांगते.

पुठ्ठ्याच्या पेटीवर 'ऑल रीजन' छापलेलं. अठरा चित्रपट आणि डिस्क फक्त सहा, म्हणजे एका डीव्हीडीवर तीन-तीन चित्रपट दाबून बसवलेले. मागच्या इंग्रजी मजकुरात प्रत्येक ओळीत चूक. जीकिड्स, शाउट, डिस्ने, कुणाचंच चिन्ह नाही. सबटायटल्समध्ये जिब्लीच्या 'टोटोरो' चित्रपटातल्या बसला भलतंच नाव. भाव पस्तीस डॉलर, आणि ज्यांना मूळ किमती माहीत नाहीत त्यांना तो सौदाच वाटतो.

डिस्क हातात असेल तर मागची बाजू वर करून मधल्या भोकाभोवतीचं पारदर्शक कडं टॉर्चखाली तिरकं धरा. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर तिथे बारीक कोरलेली अक्षरं दिसतात: 'आयएफपीआय' आणि पुढे काही अंक-अक्षरं. डिस्क कोणत्या कारखान्यात तयार झाली ते ओळखण्यासाठी ही पद्धत १९९४ पासून आहे. त्याआधी डीव्हीडी नव्हत्याच, त्यामुळे डीव्हीडीवर ही अक्षरं असायला हवीत. ती नसतील आणि मागची बाजू जांभळट दिसत असेल, तर ती घरी संगणकावर कॉपी केलेली डिस्क समजा. ईबेवर अशी आली तर 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून परत करा, पैसे मिळतात. मला मिळाले.

८. डिस्क घरी आली की लगेच तपासा

परत करायची मुदत संपायच्या आत चालवून बघा. पूर्ण चित्रपट बघायची गरज नाही. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते आणि दोन थरांची असेल तर अर्ध्यावर पोचून दुसऱ्या थरावर बाहेरून आत येते. खराबी बहुधा बाहेरच्या कडेला असते. म्हणून सुरुवातीऐवजी मधली दहा मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं लावून बघा.

ओरखड्यांबाबत डीव्हीडी आणि ब्लू-रेची तऱ्हा वेगळी. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून साधारण ०.६ मिलिमीटर खाली असतो, त्यामुळे वरचं प्लॅस्टिक घासून गुळगुळीत करून घेता येतं. जुन्या गेमच्या दुकानांत त्याचं यंत्र असतं. ब्लू-रेत तो थर फक्त ०.१ मिलिमीटरवर. तिच्यावर कडक लेप असतो म्हणून ओरखडा सहसा उठत नाही, पण खोल उठला की संपलं. जुनी ब्लू-रे घेताना डीव्हीडीपेक्षा जास्त कडक नजर ठेवा.

ओरखडा नसतानाही बंद पडणाऱ्या डिस्क असतात. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीच्या साधारण २००६ ते २००८ मध्ये निघालेल्या डीव्हीडींपैकी काही आतूनच खराब होत आहेत. २०२५ मध्ये कंपनीने हे मान्य केलं आणि ग्राहकांना बदलून देण्याची तयारी दाखवली. त्या वर्षांतल्या वॉर्नरच्या प्रती दोन डॉलरला असल्या तरी जपून घ्या. डिस्क दिव्यासमोर धरल्यावर कडेला ढगाळ पट्टा दिसला तर नकोच.

९. भारतात न्यायच्या असतील तर

सुट्टीत नाशिकला भाच्यांसाठी डिस्क न्यायचा बेत असेल, तर आधी तिकडे यंत्र कोणतं आहे ते विचारा. भारतातले अनेक डीव्हीडी प्लेअर सगळे रीजन चालवतात आणि टीव्हीवर चित्र दाखवायची अमेरिकी पद्धत, एनटीएससी, तीही त्यांना चालते, तेव्हा डीव्हीडी नेणं सोपं. ब्लू-रेचं तसं नाही. क्रायटेरियन आणि जीकिड्सच्या डिस्क रीजन ए च्या; भारतातला 'सी'चा प्लेअर त्या घेणार नाही. वॉर्नरच्या बऱ्याच ब्लू-रेंना रीजनचं कुलूप नसतं, पण प्रत्येक डिस्क वेगळी तपासा.

सरळ मार्ग म्हणजे इथलाच एखादा जुना ब्लू-रे प्लेअर थ्रिफ्ट दुकानातून घेऊन डिस्कबरोबर देऊन टाकणं. त्याच्या मागच्या पट्टीवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं आहे का ते बघा. नुसतं '१२०' असेल तर तिकडे प्लगमध्ये घातल्याबरोबर धूर निघेल. रिमोट दुकानातच मागून घ्या. रिमोटशिवाय बऱ्याच प्लेअरांवर भाषा आणि सबटायटल्स बदलता येत नाहीत, आणि पुण्या-नाशकात तो सुटा मिळायचा नाही.

पार्सलने पाठवू नका. कस्टमची ड्युटी डिस्कच्या भावावर जाते. डबीतून डिस्क आणि कव्हरचा कागद काढा, दोन्ही कापडी पाकिटांच्या वहीत लावा आणि हातातल्या बॅगेत टाका. रिकाम्या डब्या तिकडे कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतात.